भिंतीला गाल लावणाऱ्या बीजी

अख्ख्या चंदीगडात भिंतीचा ताप बघणारी बाई एकच असणार, आणि ती नेमकी आमची घरमालकीण निघाली. ताप म्हंजे कसा, पोराच्या कपाळाला आपण गाल लावून बघतो ना, तश्शा त्या भिंतीला गाल लावायच्या, डोळे मिटायच्या, आणि डॉक्टरसारखं तोंड करून सांगायच्या, "सिल्ली आ." म्हंजे ओली आहे. तिकडं म्हाताऱ्या बाईला सगळे बीजी म्हणतात, त्यामुळं त्यांचं खरं नाव मला आजपर्यंत माहीत नाही, आणि माझं त्यांनी कधी विचारलं नाही. मी त्यांची 'मराठन'.

मी आठवीपर्यंत शिकलेली, तासगावाकडची. यांना सेक्टर तीसमधल्या लॅबमध्ये मशिनी दुरुस्तीची नोकरी लागली म्हणून लग्न झाल्या झाल्या एकदम पंजाबात, आणि तेही त्या दिवसांत, जेव्हा रेडिओ लावला की कुठं ना कुठं गोळीबार, आज बाजार बंद, उद्या कर्फ्यू, यांना नाक्यावर अडवून स्कूटरची डिकी उघडायला लावायचे आणि मी घरात देव पाण्यात घालून बसायची. पोरगी झाल्यावर आम्ही बीजींकडं राहायला आलो. घर जुनं, पुढच्या भागात त्या एकट्या, मागची खोली आणि मोरी आम्हाला. आणि त्या खोलीची एकुलती एक खिडकी मागच्या गल्लीत, जमिनीपासून हातभर उंच! कुणीही यावं आणि आत डोकवावं! मी पहिल्याच आठवड्यात फटींत रद्दी कोंबली, वरनं रजई ठोकली आणि मग कुठं मला झोप लागली.

थंडी पडली तशी काचेवरनं पाणी गळायला लागलं. रजई खालनं भिजली. मग ट्रंकेमागं काळे ठिपके, मग कोपऱ्यात वरपर्यंत काळं, माझ्या लग्नाच्या शालूला ठिपके, देवाच्या फोटोत देवाच्या गालाला ठिपके. हे म्हणाले भिंतीत पाइप फुटलाय. रविवारी छिन्नी घेऊन बसले आणि भाताचं पातेलं मावंल एवढं भगदाड पाडलं. पाइप काय सापडला नाही, बीजी सापडल्या, दारात उभ्या. मी म्हटलं झालं, आता सामान बाहेर. पण त्यांनी काय करावं? भगदाडात डोकं घालून आतल्या विटेला गाल लावला. "अंदरसे तो सुक्की है," म्हणाल्या, "पानी दीवार का नहीं, तेरा है." माझं? मी काय भिंतीवर तांब्या ओतते?

मग त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. भात उघडा शिजवतेस ते पाणी, पोरीची लंगोटं स्टोव्हवर दोरीला वाळवतेस ते पाणी, तुम्ही तिघं रात्रभर श्वास सोडता ते पाणी, आणि बाहेर जायला वाट नाही, मग बिचारं ते जाणार कुठं? थंड भिंतीला जाऊन चिकटतं. "बारी खोल, मराठन." बारी म्हंजे खिडकी. मी मान हलवली आणि त्या गेल्यावर रजईला अजून दोन खिळे मारले.

बीजींच्या स्वतःच्या घरात कुठलीच वस्तू भिंतीला लागलेली नव्हती. कपाट हातभर पुढं, पलंग खोलीच्या मधोमध, पाहुणा आला की त्याला मधोमध बेटावर बसवून पराठे द्यायच्या. कान तर असले तिखट, की माझ्या पातेल्यावर झाकण नसलं की पुढच्या अंगणातनं ओरडायच्या, "ढक्कन!" दरवर्षी चुन्यात नीला थोथा, आपलं मोरचूद, कालवून भिंतींना स्वतः हात मारायच्या आणि पुढं आठवडाभर निळ्या बोटांनी भाजी निवडायच्या. ऊन पडलं की घरातलं सगळं अंगणात, रजया, लोणच्याच्या बरण्या, वारलेल्या नवऱ्याचे बूट, आणि त्याच रांगेत तेल लावून माझी पोरगी. एकदा शेजारी म्हातारा वारला म्हणून मला भेटायला घेऊन गेल्या. सगळ्या बायका रडताहेत, बीजीही रडताहेत, रडता रडता त्या भिंतीला टेकल्या, आणि मी मनात म्हटलं नको गं बाई, तर गाल लागलाच. नाक पुसून त्या घरच्या सुनेच्या कानात म्हणाल्या, "पुत्तर, दुःख तो है ही, पर वो अलमारी थोड़ी आगे खींच."

मी हसायची. पण माघात माझ्या पोरीची छाती वाजायला लागली. आधी खोकला, मग शिट्टीसारखा आवाज, मग दूध प्यायचं सोडून नुसती माझ्याकडं बघत धापा टाकायची. मोठ्या दवाखान्यात नेली, बीजी सोबत होत्याच. डॉक्टरांनी विचारलं घरात ओल आहे का, हवा येते का. मी अभिमानानं सांगितलं, अजिबात नाही जी, सगळं घट्ट बंद करून ठेवते. बीजींनी स्वतःच्या कपाळावर असा हात मारला की बाहेरच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण ती खोली अशीच राहिली तर पोरगी परत इथंच येणार.

घरी आल्यावर बीजींनी स्वतः खिळे उपटले. मी रजई धरून रडायला लागले. "बीजी, गल्लीतनं कुणी आलं तर? बंदूक घेऊन आलं तर?"

"तेरे पास क्या है जो लेने आएगा? ये काली रजाई?"

"तुम्हाला हसायला काय जातंय!"

मग त्या हसल्या नाहीत. पुढं गेल्या, आपली मंजी, म्हंजे बाज हो, फरफटत मागच्या गल्लीत आणली, बरोब्बर माझ्या खिडकीखाली टाकली, नवऱ्याची काठी मांडीवर घेतली, विणकामाची पिशवी उघडली आणि म्हणाल्या, "ले, मैं बैठी हूँ. अब खोल."

आता एवढी सत्तरीची बाई थंडीत येऊन बसल्यावर करणार काय, उघडली मी. गार वारा आत आला, पोरीला गुंडाळून मी दाराशी जाऊन बसले. थोड्या वेळानं बाहेरनं आवाज यायला लागला, घर्रर्र, घर्रर्र. मी घाबरत घाबरत डोकावले, तर आमचा पहारा तोंड उघडून घोरत होता! काठी गटारात, लोकरीचा गुंडा गल्लीच्या टोकाला.

रोज हेच. त्या माझ्या राखणीला यायच्या आणि बसल्या बसल्या झोपायच्या, मग मला सारखं खिडकीत यावं लागायचं, बीजींना कुणी काही करत तर नाही ना, शाल घसरली का, कुत्रं लोकर ओढतंय का. एक दिवस गल्लीत मोटरसायकल शिरली, दाढीवाला माणूस, तोंडाला फडकं. मी खिडकीतनं असली किंचाळले, "बीजीऽऽ!" बीजी दचकून उठल्या, हाताला लागली ती विणकामाची सुई घेऊनच उभ्या राहिल्या. तो दूधवाला होता, थंडीसाठी तोंड बांधलेलं. त्याची चूक एवढीच, की तो थांबला. बीजींनी त्याला उभ्याउभ्या दुधातल्या पाण्यावरनं असा धुतला की बिचारा हात जोडून गेला. ते सगळं झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, एवढी घाबरले, पण खिडकी लावायची विसरले.

होळीपर्यंत पोरीची छाती मोकळी झाली. भिंती वाळल्या, बीजींनी मोरचुदाचा हात मारला, आणि यांनी पाडलेल्या भगदाडात मी दिवा ठेवायला लागले.

पुढं आम्हाला वरच्या मजल्यावर सरकारी क्वार्टर मिळालं, कोरडं, उन्हाचं. आणि बीजींच्या दिल्लीच्या मुलानं हट्टच धरला, दिवस खराब आहेत, तिथं एकटी राहू नकोस. खूप भांडल्या त्या, पण गेल्या. जायच्या आधी क्वार्टरला आल्या, सवयीनं भिंतीला गाल लावला, "सुक्की," म्हणाल्या आणि जरा हिरमुसल्याच. मग ओढणीच्या गाठीतनं किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या. दर रविवारी त्यांच्या बंद घरी जाऊन बाऱ्या खोलायच्या. मी म्हटलं, मी? एवढ्या लांब? शेजारच्या सरदारजींना द्या की, ते किती धीट.

"उसे डर नहीं लगता, वो खोलके भूल जाएगा," बीजी म्हणाल्या. "तुझे लगता है. तू बैठी रहेगी." आणि जिना उतरता उतरता, माझ्याकडं न बघता, "एक घर लाहौर में बंद करके आई थी. उसकी बारी किसने खोली, पता नहीं."

तेव्हापासून मी रविवारी जाते, पोरीचं बोट धरून, बसमध्ये सगळ्या पिशव्यांकडं संशयानं बघत. एकेक खिडकी उघडते, भिंतींना गाल लावते. पोरगी पण लावते, आणि भिंत खडखडीत असली तरी "सिल्ली आ!" म्हणून ओरडते. मग मंजी मागच्या गल्लीत टाकून, काठी मांडीवर घेऊन, मी राखण करत बसते.

परवा ऊन फार छान होतं. गल्लीत स्कूटरी येत होत्या, जात होत्या, आणि मला डुलकी लागली. मला! जाग आली तर काठी गटारात पडलेली, आणि पोरगी आत, मागच्या खोलीत, खिडकीचे गज धरून, माझ्यावर लक्ष ठेवून उभी होती.