टाकीच्या मापाचा मासा

काच नेहमी चौकटीपेक्षा एक सूत कमी कापायची, हा या काचवाल्याचा धर्म. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. उन्हात काच फुगते, तिला अंग मोकळं करायला जागा ठेवली नाही तर एखाद्या दुपारी कुणी हात न लावता तडकते. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला, त्याने विचारलेलं नसताना, सांगे. त्यावरून लोक त्याला सूतभर म्हणू लागले. पुढे पुढे बायकोही दुकानात आलेल्यांना 'सूतभर जेवायला बसलेत' असं सांगू लागली.

पोट खिडक्यांवर आणि आरशांवर भरत होतं, पण जीव होता तो माशांच्या टाक्यांत. त्याने जोडलेली टाकी गळते अशी तक्रार वीस वर्षांत एकदाच आली, आणि ते पाणी टाकीचं नसून गिऱ्हाइकाच्या नातवाचं आहे हे लगेच सिद्ध झालं. प्रत्येक टाकीबरोबर सूतभर एक वाक्य फुकट देई : "मासा टाकीच्या मापानेच वाढतो." हे वाक्य त्याला त्याच्या उस्तादाने दिलं होतं. उस्तादाला कुणी दिलं, ते उस्तादालाच माहीत. प्रत्येक काच उजेडात धरून पाहणाऱ्या या माणसाने वाक्य मात्र कधी उजेडात धरलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी दातांचे एक डॉक्टर त्याच्याकडून चार फूट लांब आणि दीड फूट रुंद अशी टाकी घेऊन गेले. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत ठेवायची होती. त्यांच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बोटाएवढा एक मासा होता. तोंड सुसरीसारखं लांब, आणि त्या वयातही दात दिसत होते. डॉक्टरांना धंद्याच्या दृष्टीने तो शोभेसा वाटला. हा केवढा होतो, असं त्यांनी विचारलं होतं. सूतभरने वाक्य दिलं.

यंदा डॉक्टरांनी दवाखाना हलवला. चार दिवस ठेवा म्हणून टाकी माशासकट सूतभरच्या पुढच्या खोलीत आणून सोडली. बायकोने माशाचं नाव भाऊजी ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाली, चार दिवसांसाठी आलेत, जेवल्याशिवाय तोंड उघडत नाहीत आणि काही म्हटलं की नुसते बघत राहतात. आमच्याकडे अशांना भाऊजीच म्हणतात. सूतभरला दोन धाकटे भाऊ होते. त्याने विषय वाढवला नाही.

दोन आठवडे झाले तेव्हा त्याने फोन केला. डॉक्टर मोकळेपणाने म्हणाले की नव्या जागी तो मासा कुणालाच नको आहे, जुन्या जागी त्याला बघून पेशंट पायरीवरूनच परत जायचे. शिवाय, "तुमचं त्याच्याशी सूत जमलंच असेल."

सूतभर टाकीसमोर स्टूल घेऊन बसला आणि त्याने पहिल्यांदा माशाकडे गिऱ्हाइकासारखं न बघता कारागिरासारखं बघितलं. मग काचेला बाहेरून टेप लावला. मासा अडीच फुटांहून लांब. टाकी दीड फूट रुंद. म्हणजे वळताना तो वळत नव्हता, घडीच्या फूटपट्टीसारखा मोडत होता. आधी नाक एका काचेला, मग शेपूट दुसऱ्या काचेला, मग मध्ये काहीतरी अवघडायचं, आणि तो उलट्या दिशेला निघायचा. शेपटीच्या वीतभर अलीकडे त्याची पाठ कायमची डावीकडे वाकली होती.

बायको पोळ्या लाटता लाटता येऊन उभी राहिली. त्याने तिला वाकलेली जागा दाखवली.

"तुम्ही म्हणता ते खरंच आहे की," ती म्हणाली. "टाकीच्या मापानेच वाढलाय."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं की कौतुकाने, हे त्याला त्या दिवशी कळलं नाही, आणि नंतर विचारायचा धीर झाला नाही.

मग सल्ले सुरू झाले. डॉक्टरांच्या ओळखीतल्या एका शेतघरवाल्याकडे तळं होतं. तो मासा न्यायला एका पायावर तयार होता, फक्त पाहुण्यांसमोर त्याला बदकाची पिल्लं घालणार होता. शेजाऱ्याने गावाबाहेरच्या तलावात सोडून द्या म्हटलं, पुण्य लागेल. टाकीसाठी रोज बारीक मासळी आणून देणारी मासेवाली हे ऐकून टोपलीच खाली ठेवून बसली.

"तो तलाव आहे, दादा, तुमची मोरी नाही. तुमचं पुण्य आमची पिल्लावळ खाऊन बसेल." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "मला द्या. मी कापते. तुमचा प्रश्नही मिटेल आणि माझा दिवसही निघेल."

सूतभर आठवड्यातून तीनदा मासे खात असे, तेही तिच्याकडचेच. तिच्या बोलण्यात चूक काढावी अशी फट त्याला सापडेना. तरी त्याने नाही म्हटलं, आणि नाही का म्हटलं हे दिवसभर शोधत राहिला. शिवाय रोज टाकीत पडणाऱ्या बारीक मासळीचं काय? तिची पाठ सरळ होती की वाकडी, हे कुणी पाहिलं होतं?

मत्स्य खात्यातला साहेब फोनवर सभ्यपणे बोलला. तलावात सोडू नका. पुरेशी मोठी जागा असलेला कुणी शोधा. नाहीच मिळाला तर लवंगेच्या तेलाने गुंगी देऊन त्याला शांतपणे संपवता येतं, कसं ते मी सांगेन. आता लवंगेचं तेल म्हटल्यावर सूतभरला एकच माणूस आठवला. तो डॉक्टरांच्या नव्या दवाखान्यात जाऊन रांगेत बसला.

"दात दुखतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," सूतभर म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला बाटली दिली आणि सवयीप्रमाणे तोंड उघडायला लावलं. एक दाढ खरोखरच किडलेली निघाली. त्यामुळे आपण खोटं बोललो की खरं, याबद्दलही त्याचा गोंधळ झाला.

बाटली आठ दिवस टाकीवर राहिली. सकाळी तो ती खाली ठेवी, खाणं घाली आणि पुन्हा वर ठेवी. वाकलेलं जगणं हे जगणं नव्हे, असं एकदा वाटे. मग मासा काचेजवळ येई, डोळा त्याच्यावर रोखे आणि भुकेलेला दिसे. मरायला आलेला जीव भुकेला कसा असेल? पण भूक लागते म्हणजे बरं चाललंय, असं तरी कुठे आहे? नवव्या दिवशी बायकोची दाढ ठणकली. तिने न विचारता बाटली उचलली आणि कापसावर तेल घेतलं. सूतभरला सुटल्यासारखं वाटलं, याचीही त्याला लाज वाटली.

त्याने हिशेब मांडला. माशाला न मोडता वळायचं तर टाकी पुढच्या खोलीएवढी लागेल. काच कापणं काही अवघड नव्हतं. बायकोने एवढंच विचारलं, की मग आपण दोघं दीड फुटात राहायचं का.

दुकानामागे सिमेंटचा हौद होता, आठ फूट बाय पाच, कापलेली काच धुण्यासाठी. त्याला काच नव्हती. मासा ठेवायचा आणि तो दिसायचा नाही, ही कल्पनाच सूतभरच्या कारागिरीला अपमानाची वाटत होती. 'दिसणार नसेल तर पाळायचा कशाला?' असं तो स्वतःशीच पुटपुटला. त्यावर बायको म्हणाली की लोक नियम पाळतात, दिलेला शब्द पाळतात, तो काय टाकीत ठेवून बघत बसतात?

त्याने हौद उपसला. तळाशी वीस वर्षांच्या काचेच्या बारीक कपच्या होत्या. उकिडवं बसून त्याने दोन दिवस उघड्या तळहातांनी तळ चाचपला, कारण डोळ्यांना न दिसणारी कपची हाताला कळते. सात ठिकाणी कापलं. मग हौद भरला, दुकानातली काच नळाखाली एकेक करून धुवायला सुरुवात केली आणि पाणी निवळल्यावर, एका सकाळी, दोघांनी ओल्या चादरीची झोळी केली.

"उठा भाऊजी," बायको म्हणाली आणि तिने तोंडाकडची बाजू धरली.

हौदाच्या काठावर क्षणभर झोळी टेकली, तेवढ्यात सूतभरने टेप लावलाच. पाठीच्या बाकावरून चौतीस इंच. नाकापासून शेपटीपर्यंत सरळ एकतीस. आयुष्यात पहिल्यांदा टेपने त्याला एकाच वस्तूची दोन मापं दिली होती आणि दोन्ही बरोबर होती.

मासा पाण्यात गेला, कोपऱ्यात थांबला आणि दीड फुटाच्या आत मोडून उलटा वळला. मग पुन्हा. उरलेला हौद मोकळाच. नऊ दिवस हेच. सूतभर काठावर खडूने खूण करी : इथवर आला. दुसऱ्या दिवशी खूण त्याच जागी. काच काढली तरी काच तिथेच आहे, असं काहीतरी त्याच्या डोक्यात येई. पण ते पुरतं जुळत नसे, एक सूत कुठेतरी कमी पडे.

दहाव्या दिवशी एक शाळामास्तर दुकानात आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बोटाएवढा मासा, तोंड लांब. मास्तरांना तीन फुटी टाकी हवी होती.

"आणि हा टाकीच्या मापानेच वाढतो ना? लोक म्हणतात तसं?"

"हो," सूतभर म्हणाला. "तीच तर अडचण आहे."

मास्तरांना यात अडचण दिसली नाही. मग तीन फूट बाय एक फूट पुरे, असं त्यांनी समाधानाने सांगितलं. सूतभरने काच कापायचा हिरा उचलला, परत ठेवला. खडू घेतला आणि दुकानाच्या फरशीवर तीन फूट बाय एक फुटाचा चौकोन आखला. मास्तरांना त्यात उभं राहायला सांगितलं. मास्तर पिशवी सांभाळत उभे राहिले. माप घेण्याची ही पद्धत असेल, असं त्यांना वाटलं असावं. पुढे काय विचारायचं हे सूतभरलाही माहीत नव्हतं. तो बघत राहिला.

तेवढ्यात मागून बायकोची हाक आली.

"अहो, भाऊजी मधोमध आलेत."

सूतभर खडू हातात घेऊनच मागे धावला. त्याच्या पाठीमागे दुकानातून मास्तरांचा अदबशीर आवाज येत होता.

"मी हलू का आता?"