आठव्या मजल्यावरची गाय

"डॉक्टर, रविवारी याला बदलापूरला भावाकडे पाठवतेय. त्याआधी काही इंजेक्शन असेल तर द्या," सुलभाताई म्हणाल्या. त्यांचे यजमान खाली मान घालून गुंड्याचे कान कुरवाळत होते. हा गुंड्या म्हणजे त्यांचा चार वर्षांचा बीगल.

पार्ल्यात कुत्र्यामांजरांची डॉक्टर म्हणून मी बरंच ऐकलंय. यांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला, वास्तुशांत झाली आणि आठवड्याभरात गुंड्याने हॉलच्या कोपऱ्यात पाय वर केला. मग रोज, तिथेच.

युरिन टेस्ट केली. रिपोर्ट नॉर्मल. म्हणजे आजार नाही, मार्किंग. कुत्र्याचं मूत म्हणजे सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर. कोण आलं, केव्हा आलं, नर की मादी, सगळी नोंद त्यात. पुढचा कुत्रा ती हुंगून वाचतो आणि वर आपली सही ठोकतो. नव्या घरात गुंड्याने सही केली, एवढंच. वास पूर्ण गेला की सहसा सवय मोडते.

"लादी कशाने पुसता?"

"फिनाइलने! येऊन बघा माझी लादी." बाई चिडल्याच.

गुरुवारी गेले. लादी लखलखीत. मी गुडघे टेकून कोपरा हुंगला. वास होता, पण कुत्र्याचा नव्हता.

"पुसल्यावर इथे काही टाकता?"

"गोमूत्र शिंपडते. भिंतीपलीकडे देवघर आहे ना! तो घाण करतो, मी शुद्ध करते."

मला हसू आवरेना. "ताई, त्याच्या सहीवर तुम्ही रोज गाईची सही करताय. त्याला वाटतंय, आठव्या मजल्यावर रोज एक गाय येऊन जाते. बिचारा घर राखतोय हो!"

"सुलू, आधी तुला पाठवूया बदलापूरला," यजमान म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसले असावेत.

वास मुळापासून काढणारं एन्झाइमचं क्लीनर दिलं. त्याच कोपऱ्यात त्याचं जेवणाचं ताट ठेवायला सांगितलं. जिथे जेवतात तिथे कुत्रे सहसा पाय वर करत नाहीत.

"आणि शुद्धीचं काय?" सुलभाताई अडून बसल्या. "गंगाजल चालेल?"

"धावेल. त्याला वास नाही."

रविवारी फोटो आला. कोपरा कोरडा, ताट चाटूनपुसून साफ आणि शेजारी गुंड्या पसरलेला. बदलापूर रद्द. मला फार बरं वाटलं.

सुलभाताई क्लिनिकमध्ये खोटं बोलल्या नव्हत्या. पुसणं वेगळं, शुद्ध करणं वेगळं. प्रश्न माझाच अर्धा होता. आता केस पेपरवर एक ओळ वाढवलीय: लादी पुसल्यावर काय शिंपडता?