मल्चिंगच्या कपच्या

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. पीएच.डी.साठी कोकणच्या किनाऱ्यावरून मी वाळू आणली होती. ती मिठाच्या दाट पाण्यात ढवळायची; वाळू तळाशी बसते, प्लास्टिकचे कण तरंगतात, ते गाळून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. निळे धागे, पांढरे दाणे यांची सवय झाली होती. एका दुपारी मात्र पातळशी कपची दिसली, एका बाजूने काळी, दुसऱ्या बाजूने चंदेरी.

"हे कशाचं असेल गं?" मार्गदर्शक बाईंनी विचारलं.

मला बघताक्षणी कळलं होतं. पिंपळगावजवळ माझा मोठा भाऊ टोमॅटो करतो. तण येऊ नये म्हणून गादीवाफ्यांवर अंथरायचा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर अगदी असाच असतो. ही कपची आमच्या शेतातली असणं शक्य नव्हतं, आमच्याकडचं पाणी गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला जातं. तरी मी "बघते" एवढंच म्हणाले.

रविवारी घरी गेले. दादाने पीक काढून पेपरसकट ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवला होता; पेपरच्या चिंध्या मातीत मिसळल्या होत्या. शेताखालच्या ओढ्यातून मी चिखलाच्या आणि पाण्याच्या बरण्या भरल्या.

"समुद्र सोडून आमच्या चिखलात काय शोधती?" दादाने विचारलं.

"सापडलं की सांगते."

सापडलं. चिखलातल्या कपच्या तपासल्या, तर दादा टोमॅटोवर मारतो तेच औषध त्यांना चिकटलेलं होतं. ओढ्याच्या पाण्यात ते जवळजवळ नव्हतं. पुढच्या खेपेला जेवताना मी ते दादाला सांगितलं.

"म्हंजी पाणी चांगलं हाय ना?"

"पाणी बरं आहे. पण कपची वाहत जाते, मासा ती गिळतो, तिच्याबरोबर औषधही गिळतो."

"पेपर आधी उचला, मी म्हणत व्हते," वहिनी म्हणाली.

"कोण उचलतं? गावात एक तरी दाखव." दादाने ताट बाजूला सारलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आमच्या शेताचं नाव छापणार का त्याच्यात?"

नाही, म्हणाले. प्रबंधात मी 'टोमॅटोच्या क्षेत्राखालील ओढा' असं लिहिलं. ते लिहिताना जरा चोरट्यासारखं वाटलं.

पुढच्या हंगामाअखेर दादाचा फोन आला, पेपर उचलतोय म्हणून. मी दोन दिवस गेले. उन्हाने पेपर इतका विरला होता, की ओढला की हातात तुकडा यायचा, बाकीचा मातीतच. निघाला तेवढा गोण्यांत भरला. भंगारवाल्याने माती लागलेला नको म्हणून परत पाठवला. गोण्या अजून शेडमागे आहेत.

यंदा दादाने जाड पेपर आणलाय. तो सलग निघतो.

"आधीच्या सालांचा मातीत गेलाय, तो कधी संपंल?" त्याने विचारलं.

"माहीत नाही, दादा."

त्याने मान हलवली. तेवढ्यात लाइट आली, आणि तो मोटार चालू करायला विहिरीकडे गेला.