हिरवी खूण खोटी होती

"माझ्या पोरीचं रगत काय नळाचं पानी हाय का, पुन्ना पुन्ना काढाले?" देडतलाईहून आलेली ती बाई प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभी राहून ओरडत होती. पोरगी तिच्या लुगड्याला धरून उभी. पोरीचा आठवड्यापूर्वीचा रिपोर्ट संगणकातून नाहीसा झाला होता आणि आम्ही पुन्हा सुई टोचायला निघालो होतो.

तेव्हा मी बुऱ्हाणपूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात संगणकांचं काम बघायचे. इतवाऱ्यातली मुख्य प्रयोगशाळा आणि बहादरपूर, देडतलाई इथली केंद्रं एकाच सर्व्हरला जोडायची, अशी ती जोडाजोडीची वर्षं. प्रोग्रॅम इंदूरच्या एका कंपनीचा. रिपोर्ट भरून बटण दाबलं की पडद्यावर हिरवी खूण यायची, म्हणजे सेव्ह झालं. पण कधी कधी संध्याकाळी सगळ्यांनी पाहिलेला रिपोर्ट वीज जाऊन आली की सकाळी कोरा निघायचा.

डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. "कंपनीवाले म्हणतात, देडतलाई केंद्रावरची मुलगी बटण नीट दाबत नाही. तिला कामावरून काढू. तुम्ही तसं लिहून द्या."

ती मुलगी तिथली तंत्रज्ञ. तिच्या पगारावर घर चालायचं, पण मला राग आला तो त्यासाठी नव्हे. तिनं हिरवी खूण आलेली माझ्यासमोर दाखवली होती.

"मी लिहून देणार नाही," मी म्हटलं.

"मग चूक कोणाची?"

"शोधते. पण तोवर तिला कोणी हात लावायचा नाही."

डॉक्टरसाहेबांना असं बोललेलं आवडत नसे. मी उठून आले.

सर्व्हरच्या नोंदींमध्ये एक ओळ अधूनमधून दिसत होती: डिस्कवर लिहिता आलं नाही. डिस्कची केबल सैल होती, हे लगेच सापडलं. ती मी बदलली; तेवढ्यावर गप्प बसू शकले असते. पण डिस्कनं नकार दिला असेल, तर हिरवी खूण कुठून आली? हा प्रश्न मला सोडेना. मी ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, त्याचा कोड उघडला. तो सगळ्यांना खुला होता. शेजारच्या गल्लीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात मी दिवसचे दिवस तो वाचत बसायचे. घरचे म्हणायचे, "हे तुझं काम आहे का?" मी म्हणायचे, "आहे."

हळूहळू उलगडलं. आपण सेव्ह करतो तेव्हा मजकूर लगेच डिस्कवर जात नाही. कर्नेल तो आधी मेमरीत, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या जागेत, ठेवतो आणि सवडीनं डिस्कवर उतरवतो. प्रोग्रॅम त्याला खडसावून विचारू शकतो, "उतरलं का?" डिस्कनं नकार दिला, तर कर्नेल एकदा सांगतो, "नाही उतरलं." पण तेवढं सांगितलं की तो मजकूर उतरला असंच धरून चालतो. इंदूरचा प्रोग्रॅम पहिलं उत्तर नकाराचं आलं की मजकूर पुन्हा न लिहिता नुसतं परत विचारायचा. दुसऱ्यांदा कर्नेल म्हणायचा, "सगळं ठीक." लगेच हिरवी खूण. मजकूर मेमरीत असेपर्यंत रिपोर्ट दिसायचा, छापताही यायचा. वीज गेली की संपलं.

मी इंदूरला फोन केला. तिथले इंजिनिअर म्हणाले, "मॅडम, आपके यहाँ बिजली का प्रॉब्लम है. हमारा सॉफ्टवेअर हर जगह चल रहा है."

"बिजली जाती है, इसीलिए तो डिस्क रखी है," मी म्हटलं. "आप खुद आइए."

ते आले. डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये भर दुपारी मी एक जुना संगणक मांडला. त्यात मी मुद्दाम अशी सोय केली होती की मी सांगेन तेव्हा डिस्क लिहायला नकार देईल. देडतलाईच्या मुलीला मी बोलावून घेतलं होतं. खोट्या नावाचा रिपोर्ट तिलाच भरायला लावला आणि तिनं बटण दाबण्याआधी डिस्कला नकार द्यायला लावलं.

हिरवी खूण आली.

"सेव्ह झालं ना?" मी इंजिनिअरला विचारलं.

"हाँ, हो गया."

मी सरळ वायर उपटली. संगणक पुन्हा सुरू केला. रिपोर्ट कोरा.

"म्हणजे हा तुमचा कर्नल खोटं बोलतो?" डॉक्टरसाहेब म्हणाले.

"कर्नेल, साहेब. तो एकदा खरं सांगतो. यांचा प्रोग्रॅम ते ऐकून घेत नाही."

इंजिनिअरांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "एक बार और दिखाइए." मी दाखवलं. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे बाहेर कुठे लिहिणार नाही ना? मी म्हटलं, "लिहिणार."

आणि लिहिलं. कर्नेल बनवणाऱ्या जगभरच्या लोकांच्या खुल्या चर्चेत माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं मांडलं. एकानं उत्तर दिलं की खराब डिस्क वापरणाऱ्यानं ही तक्रार करू नये. मी उलट लिहिलं: डिस्क खराब होणारच, प्रश्न हा आहे की ती खराब झाल्याचं तुम्ही किती वेळा सांगता. त्यावर बराच वाद झाला. हीच अडचण दुसऱ्या कोणाकोणाला आली होती, हे तेव्हा कळलं. पुढे कर्नेलमध्ये चुका कळवायची पद्धत सुधारली गेली. माझ्यामुळे, असं मी म्हणणार नाही. पण त्या वादात मी होते.

कंपनीनं नवी आवृत्ती पाठवली. आता नकार आला की लाल खूण यायची आणि मजकूर दुसऱ्या डिस्कवर नव्यानं लिहिला जायचा. देडतलाईची मुलगी कामावर राहिली. तिची माफी मात्र कोणी मागितली नाही. मी डॉक्टरसाहेबांना दोनदा आठवण करून दिली. दुसऱ्यांदा ते चिडून म्हणाले, "आता काय तिच्या पाया पडू?"

"पडू नका," मी म्हटलं. "चुकलं म्हणा."

पुढच्या सोमवारी ते गाडी काढून देडतलाईला गेले. काय बोलणं झालं ते त्या दोघांपैकी कोणी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.