साहेबांसाठी उंच केलेलं दार

शब्दांचं वेड वाईट. मी मूळचा पेणचा, मास्तरकीला रोह्यात, आणि 'खोपट' हा शब्द एकदा डोक्यात शिरला तो निघेचना. पेणच्या बाजारात म्हणतात झोपडी, वाडीवर म्हणतात खोपट. वालाच्या शेतात राखणीला बांधतात ती खोपी, सुगरण विणते तो खोपा, आणि बायका मानेवर केस गुंडाळतात तोही खोपाच. सगळे एकाच कुळातले, असं माझं ठाम मत. खरं-खोटं देव जाणे.

त्या दिवसांत सरकारी घरकुलांच्या पाहणीला तालुक्याचे साहेब यायचे होते. वरसेच्या पुढच्या वाडीवर मोलमजुरी करणारी एक मावशी होती, नवरा वारलेला, पावसात कुडाच्या भिंतीतून पाणी आत. तिचं नाव मीच यादीत वर घातलं आणि दोन दिवस आधी जाऊन सांगितलं, "साहेब खोपट बघायला येणार हो!"

साहेब आले. वाटेत मी माझं खोपापुराण लावलं. ते म्हणाले, "गुरुजी, झोपायपुरती ती झोपडी. त्यात काय एवढं!" कप्पाळ माझं! मग त्यांनी स्वतःची खूण सांगितली. मोठा माणूस ताठ आत गेला तर घर, वाकावं लागलं तर झोपडी. आणि झोपडी असेल तरच घरकुल. मी निर्धास्त. मावशीच्या दारात माझंच डोकं किती वेळा फुटलं होतं!

पोचतो तर काय, कुडाला ताजं शेण, वर नवा पेंढा, आणि दार चांगलं हातभर उंच केलेलं! अख्ख्या वाडीने एक दिवसाची मजुरी बुडवून पुढच्या मेढी काढून उंच खांब रोवले होते.

"सायबाचं डोकं आपटाय नको," मावशी कौतुकाने म्हणाली. "पावण्याला काय वाकवायचा व्हय?"

साहेब ताठ आत गेले, ताठ बाहेर आले आणि लिहिलं, घर.

"अहो साहेब, परवापर्यंत हे दार..."

"परवाचं मला काय सांगता? मी आज आलोय." सही ठोकून ते पुढच्या खोपटाकडे निघालेसुद्धा.

"काय लिवलंन, गुरुजी?"

"घर."

"ऐकलंस गो?" ती शेजारणीला ओरडली. "माझ्या खोपटाला सायबानं घर लिवलंन! मंग घरकुल कवा देतील?"

सांगावं लागलं. ज्याला घर आहे त्याला घरकुल नाही. तिला आधी थट्टाच वाटली, ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. "मंग आता पाडते ना दार खाली. बोलवा त्यांना परत."

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. वाटेत ती खूण ऐकल्यावरसुद्धा मला पुढे धावत जाऊन एकदा बघावंसं वाटलं नाही. मी आपला खोपा-खोपी करत चाललो होतो.

"जाऊं दे," ती म्हणाली. "चाय तरी घेऊन जावा." आणि कप घेऊन ती त्या हातभर उंच केलेल्या दारातून बाहेर आली, सवयीप्रमाणे कमरेत वाकून.