इब्राहिमभाईंचे दोन किलो आणि आगाशे सर

डॉ. मनोहर आगाशे यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत त्यांच्या रुग्णालयात लॅब टेक्निशियनच्या मुलाखतीला गेले, तेव्हा त्यांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला सारून विचारलं, "काम चुकलं तर सांगाल ना?" मी हो म्हटलं आणि नोकरी मिळाली. सर शिस्तीचे होते आणि, आज लिहायला हरकत नाही, चांगलेच तापटही होते.

रुग्णालयात डायलिसिसचं एकच यंत्र होतं. अंगात जादा पाणी नसताना रुग्ण किती भरेल, ते वजन ठरवलेलं असे; दर खेपेला वजन करायचं आणि त्या ठरलेल्या वजनावर जितकं भरेल तितकं पाणी यंत्राने काढायचं, असा शिरस्ता. मिरकरवाड्याचे इब्राहिमभाई तांडेल प्रत्येक खेपेला जास्तच भरू लागले. पाणी काढलं की त्यांच्या पायांत गोळे येत, डोळ्यांपुढे अंधारी येई. चोरून पाणी पितात, म्हणून आम्ही त्यांनाच बोल लावायचो. त्यात मी सर्वांत पुढे.

एक दिवस ते म्हणाले, "पाणी मोजून पितो, बाई. तुमचा विश्वास नाय, तर पुढच्या खेपेस येत नाय." यंत्र सोडणं म्हणजे मरण, हे त्यांनाही ठाऊक होतं.

हे ऐकून सरांनी मला त्याच खेपेत दर अर्ध्या तासाला इब्राहिमभाईंचं थेंबभर रक्त काचेच्या नळीत घेऊन लॅबमधल्या गरगर फिरणाऱ्या यंत्रात फिरवायला सांगितलं. रक्त किती दाट होतं, यावरून शिरांमधलं रक्त किती घटलं याचा अंदाज येतो. पहिल्याच तासात ते भराभर दाट झालं. अंगात जादा पाणी असतं, तर ते शिरांत उतरून रक्त इतकं दाट झालं नसतं; म्हणजे काढण्याजोगं पाणी नव्हतंच. सरांनी पाणी काढणं थांबवलं.

"जेवण कसं आहे?" त्यांनी विचारलं.

इब्राहिमभाई ओशाळले. "आता भूक लागते, डॉक्टर. बायको बांगडा देते. तुमी रागवाल म्हणून बोललो नाय."

उपचारांनी अन्न अंगी लागलं होतं. दोन किलो वाढलं होतं ते मांस, आणि आम्ही ते पाणी समजून त्यांना पिळत होतो. सर सर्वांसमक्ष हात जोडून म्हणाले, "इब्राहिमभाई, चूक आमची. तुम्ही खरं बोलत होतात." मला रडूच आलं. मग मीही माफी मागितली.

ठरलेलं वजन दोन किलोंनी वाढवलं. पुढच्या खेपेला इब्राहिमभाई दार उघडण्याआधीच पायरीवर येऊन बसले होते. पुढे कित्येक वर्षं ते येत राहिले. लेकीच्या निकाहात त्यांनी सरांना घरच्या माणसांत बसवलं.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि कधी आजारपणात खाटेवरून आपलं खरं सांगायची वेळ त्यांच्यावर आलीच, तर ते ऐकून घेणारा डॉक्टर त्यांनाही भेटो.