रडवेला बाप्पा

ओल्या शाडूचा वास आला की मला पेणचा मामाचा गणपतीचा कारखाना आठवतो. नव्वदच्या दशकात तिथे दिवसभर सिनेमाची दणदणाटी गाणी वाजत. लोकांना चांगलं वाचायला-ऐकायला लावायचं, हे तेव्हा माझं व्रत होतं. शेजारणी तर मी कादंबरी सुचवायला गेलो की दार लोटून घेत. अशात एका दुपारी, मूर्तींचे डोळे आखणाऱ्या मामीला मी विरहाच्या गझलांची कॅसेट लावून दिली. मामी तल्लीन, मी कृतार्थ! संध्याकाळी रोह्याहून गिऱ्हाईक मूर्ती न्यायला आलं आणि बघतच राहिलं. "अवो, ह्याच्या डोळ्यांत पाणी हाय! सूनबाईचा पहिला सण, असा रडवेला बाप्पा कसा नेऊ?" मामाने मूर्ती निरखली. "काय गो, ह्याला कोण बोललं काय?" मामी म्हणाली, "मी नाय. तुमच्या भाच्याची कॅसेट बोलली." एकदा आखलेले डोळे मामा पुसू देत नसे. त्यामुळे आमच्यासाठी ठेवलेली हसरी मूर्ती रोह्याला गेली आणि रडवेला बाप्पा आमच्या घरी आला. आईने नैवेद्य दाखवला, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि गुपचूप आणखी दोन मोदक वाढले. हल्ली पोरं "काय ऐकू?" विचारतात, तेव्हा मी आधी हातात काम काय आहे ते विचारतो.